डावीकडची कोरी जागा

१

गणिताच्या पुस्तकात पायऱ्या एकाखाली एक येतात तेव्हा बरोबरची चिन्हं सरळ रेघेत उभी राहावी लागतात. वहीत हे कुणालाही जमतं. शिशाच्या खिळ्यांत ते जमवणारा माणूस १९७९ साली नाशकात माझ्या माहितीत एकच होता, आणि तो माझा बाप होता.

सहादू पगारे. छापखान्यात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणायची. शालिमारच्या मागच्या गल्लीत खंडेरावांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांची बिलं अशी कामं वर्षभर चालायची आणि उन्हाळा आला की शाळा-कॉलेजची पुस्तकं यायची. आबा तिथे जुळारी होते. एकेक अक्षराचा खिळा खणातून उचलायचा, हातातल्या पट्टीत उभा करायचा, ओळ भरली की पुढची. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि शाळेत नोकरी लागेपर्यंत तात्पुरती म्हणून तिथेच प्रुफं तपासायला बसले. ते तात्पुरतं काही संपलं नाही.

माझं टेबल आणि आबांची जागा यांच्यामध्ये एक लाकडी आडोसा होता. पलीकडून खिळे पट्टीत पडल्याचा आवाज दिवसभर यायचा, टक, टक, टक. तो आवाज थांबला की मी मान वर करायची. म्हणजे आबांना चहा हवा असायचा, नाहीतर लेखकाचं अक्षर लागत नसायचं.

गणित जुळवताना खरी कसोटी डाव्या बाजूची असते. पहिल्या ओळीत डावी बाजू लिहिली जाते, मग बरोबरचं चिन्ह, मग उजवी बाजू. पुढच्या ओळींत डावीकडे काहीच नसतं, नुसतं बरोबर आणि उजवीकडचं. पण शिशात 'काहीच नाही' असं चालत नाही. तिथे कोरे तुकडे भरावे लागतात. ते अक्षरांपेक्षा बुटके असतात, त्यांना शाई लागत नाही, ते कागदाला टेकत नाहीत. हे तुकडे नेमके बसले तरच चिन्हं सरळ उभी राहतात. आबा नव्या माणसाला सांगायचे, "कागदावर जे मोकळं दिसतं ना, ते हितं लय गच्च भरलेलं आसतंय."

आई, भागीबाई, जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. घरी आम्ही दोघंच. आबा पूर्वी बोलके होते. आई गेल्यावर त्यांचं बोलणं कामापुरतं उरलं, आणि काम संपलं की ते भिंतीला पाठ लावून बसत. मला त्यांची काळजी वाटायची. ती मी कधी बोलून दाखवली नाही, पण माझं लग्न दोनदा ठरता ठरता मीच मोडलं त्याचं कारण तेच होतं.

आणखी एक सांगून ठेवते. आमच्या घरात देव नव्हते तशी भुतंही नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आबांनी देवांचे टाक गोदावरीत सोडले, आणि भुतं त्यांच्याच मागोमाग गेली असं ते हसत सांगायचे. मीही त्याच घरात वाढले.

२

त्या उन्हाळ्यात बीजगणिताचं एक पुस्तक आलं. लेखक एक प्राध्यापक होते आणि ते एकही पायरी गाळत नसत. दुसरा कुणी चार ओळींत सोडवील ते उदाहरण त्यांच्याकडे पानभर चालायचं. डावी बाजू एकदा वर लिहिली की खाली पानाच्या तळापर्यंत नुसती बरोबरची चिन्हं उतरत जायची, आणि त्यांच्या डावीकडे कोरी जागा. आबा खूश होते. "हा मानूस आपल्या कामाचा हाय," म्हणाले.

आमच्याकडे बरोबरच्या चिन्हाचे खिळे बेताचेच होते. त्यामुळे एक मजकूर जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि तेच खिळे पुढच्या मजकुराला वापरायचे, असं काम चाललं होतं.

पहिली काही प्रकरणं नीट गेली. मग एका दुपारी मी प्रूफ तपासत होते. शाई लावून, कागद ठेवून, वरून रूळ फिरवून काढलेला साधा लांबट कागद. मी सवयीने चिन्हांच्या कडेला मोजपट्टी लावली. वर सरळ होतं, खाली सरळ होतं, पण मधल्या काही ओळींतली चिन्हं उजवीकडे सरकली होती. फार नाही, नखाच्या कडेएवढी.

मी आडोशापलीकडे गेले. "आबा, मध्ये सरकलंय."

"नाय सरकलं," ते म्हणाले, आणि जुळवलेल्या मजकुरावर त्यांनी स्वतःची पोलादी पट्टी ठेवली. मी वाकून पाहिलं. शिशात चिन्हं अगदी सरळ होती.

मी दुसरं प्रूफ काढलं. ते सरळ आलं.

मशीनवर गोटीराम असायचा. घोटीचा माणूस, मध्यमवयीन, शांत. तो म्हणाला, "बाई, कागद वला आसंल. वला कागद तानतो."

मला ते पटलं. पटवून घ्यायची मला घाई होती असं आता वाटतं.

३

पुढच्या मजकुरात तो फुगवटा पुन्हा आला आणि जरा मोठा आला. त्याच्या पुढच्या मजकुरात आणखी मोठा. आता त्याच्या वर एक लहान फुगवटा दिसायला लागला होता आणि दोघांच्या मध्ये चिन्हं पुन्हा आत यायची. प्रत्येक वेळी शिशात सगळं सरळ असायचं. प्रत्येक वेळी पुढचं प्रूफ काढलं की सरकलेली चिन्हं मागे यायची. आधी एका जादा प्रुफात भागायचं, मग दोन लागायला लागली, मग आणखी.

मी गणिताची विद्यार्थिनी. मी कारणं शोधली. रूळ एका बाजूला झिजला असेल. टेबल कलतं असेल. जुळवलेल्या खिळ्यांभोवतीचा दोरा सैल बांधला जात असेल. मी पाण्याची बाटली आडवी ठेवून टेबल तपासलं, रूळ उलटा लावून पाहिला, वेगळा कागद आणवला. खंडेराव हे पाहून हसले. "पगारेबाई, तुम्ही आता मशीनची पण परीक्षा घेणार का?" त्यांचा स्वभाव चांगला होता, पण एखादी गोष्ट गंभीरपणे घ्यायला त्यांना सकाळची संध्याकाळ व्हायची.

प्रत्येक मजकुराचं पहिलं, वाकडं आलेलं प्रूफ सुकायला खिडकीजवळच्या दोरीला ओळीने टांगलेलं होतं. एकदा मी बाहेरून चहा घेऊन आले. उन्हातून आत आल्यावर काही दिसेना म्हणून चष्मा काढून पदराला पुसला. चष्म्याशिवाय मला अक्षरं दिसत नाहीत, नुसतं काळं आणि पांढरं दिसतं. दारात उभी राहून मी दोरीकडे पाहिलं.

चिन्हं दिसत नव्हती. डावीकडची कोरी जागा तेवढी दिसत होती, आणि तिची उजवी कड म्हणजे कुणाचं तरी डोकं होतं, मान होती, खांदा होता आणि खाली हात होता. पहिल्या कागदावर ते लांब होतं, गल्लीच्या टोकाला कुणी उभं असावं इतकं. दुसऱ्यावर जवळ. शेवटच्या कागदावर त्याने जवळजवळ सगळी उंची घेतली होती.

मी चष्मा घातला. पुन्हा आकडे आणि चिन्हं दिसली. हातातला चहा सांडला होता आणि तो माझ्या पायावर पडला हे मला नंतर कळलं.

४

मी आबांना सांगणार नव्हते. पण दुपारी डबा उघडून बसलो तेव्हा त्यांनीच विचारलं.

"दिसली का तुला?"

"कोण?"

"कोन म्हणजे. तुझी आई."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. "आबा, आपल्यात भूत मानत नाहीत. तुम्हीच शिकवलंत."

"भूत कुठं म्हणलो मी? भूत नसतंच. भागी हाय ती." ते इतक्या साधेपणाने बोलले की मला त्यांचा राग आला. "तिची मान बघ. डावीकडं जरा कललेली. घागर आनून आनून तशी झाली होती."

"कडा आहे ती आबा. चिन्हं सरकल्यामुळे झालेली कडा. त्यात तोंड नाही, डोळे नाहीत. ती आपल्याकडे बघतेय का पाठ फिरवून उभी आहे तेसुद्धा सांगता येत नाही."

"येतीय," ते म्हणाले. "दर बारीला जवळ येतीय. आन् तू प्रूफावर प्रूफ काढून तिला मागं लोटतीस. लते, कितीदा हाकलशील तिला?"

सरळ येईपर्यंत प्रूफ काढायचं हे माझं काम होतं. त्या कामात मी कुणाला हाकलत असेन हे माझ्या मनात आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी दोरीवरचा शेवटचा कागद उतरवला आणि खिडकीशी नेला. मान कललेली होती, आबा म्हणत होते तशी. खांदा आईसारखा उतरता होता. एक क्षण मलाही वाटलं, असू दे, आईच असू दे. मग मी खाली पाहिलं. खांद्यापासून उतरलेला हात थांबत नव्हता. कोपर गेलं, कंबर गेली, आणि तो गुडघ्याच्याही खाली उतरला होता.

"आबा, हा हात बघा. एवढा लांब हात असतो का कुणाचा?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"पदर आसंल," ते म्हणाले.

५

त्या दिवसापासून मला एकच भीती होती. आबा तिच्याकडे जातील, आणि ती आई नसेल.

आता आडोशापलीकडून बोलणं ऐकू यायचं. आबा हळू आवाजात काहीतरी सांगायचे आणि थांबायचे, समोरच्याचं ऐकून घ्यावं तसे. मी डोकावले की ते एकटेच असायचे, पट्टी हातात धरून. चिन्हांच्या डावीकडे ते जास्त तुकडे भरायला लागले होते. प्राध्यापकांच्या लांब ओळी उजवीकडे मावेनात. मी विचारलं तर म्हणाले, "दाटी हुती तिला."

आणि खिळ्यांचा आवाज. आबा चहा प्यायला माझ्या टेबलापाशी यायचे, कप हातात घ्यायचे, आणि पलीकडे टक, टक चालूच असायचं. एक-दोन खिळ्यांपुरतंच. मग थांबायचं. मी आबांच्या तोंडाकडे बघायची. ते कपात बघत असायचे. छपराचा पत्रा तापला की वाजतो, खणांचं लाकूड उन्हाळ्यात तडकतं, असं मी मनाशी म्हणायची. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

पुस्तक संपत आलं होतं. शेवटचं एकच पान उरलं होतं, आणि त्या पानावर प्राध्यापकांचं सगळ्यात लांब उदाहरण होतं. आदल्या मजकुरात ती कड इतकी जवळ आली होती की डोकं वरच्या काठाला लागत होतं. ती सरळ करायला मला प्रुफांचा ढीग काढावा लागला. आबा त्या वेळी बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना ते बघवत नव्हतं.

मला एक उपाय सुचला. पायऱ्या एकाखाली एक न लावता एकाच ओळीत पुढे पुढे जुळवल्या तर डावीकडे कोरी जागाच राहणार नाही. कुणाला उभं राहायला जागा मिळणार नाही. प्राध्यापक हिशेबासाठी आले होते तेव्हा मी त्यांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पायऱ्या एकाखाली एक दिसल्या नाहीत तर पोरं नापास होतील. तुमचंच गणित होतं ना बी.एस्सी.ला?"

"होतं."

"मग तुम्ही असं कसं विचारता?"

मी खंडेरावांकडे गेले. म्हटलं, आबांचे डोळे दुखतायत, शेवटचं पान मी जुळवते. मला शिकवलंय त्यांनी. खंडेराव म्हणाले, "आबा ऐकतील का?"

आबांनी ऐकलं. संध्याकाळी सायकल हातात धरून घरी चालत येताना मी त्यांना सांगितलं, आणि ते म्हणाले, "बरं. कर तूच." मी त्यांना आयुष्यभर ओळखत होते. ते इतक्या सहज कधीच कबूल झाले नव्हते. पण मला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि मी पुढे विचारलं नाही.

६

सुटीच्या दिवशी सकाळी मी विहारात गेले होते. आमच्या वसाहतीतल्या साळूबाईंच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. जेवण करून दुपारी परत आले तर घराला कडी होती आणि आबांची सायकल नव्हती.

मी पळत गेले. भर दुपारी रस्ते ओस होते. छापखान्याची एक किल्ली आबांकडे असायची; कुलूप काढलेलं होतं, सायकल भिंतीला लावलेली होती. दार ढकललं. आत ओल्या शाईचा वास होता.

"आबा?"

आडोशापलीकडे खिळे पडत होते. टक, टक, टक. आबांचाच वेग होता तो, मी झोपेतसुद्धा ओळखला असता. माझा जीव भांड्यात पडला. मी आडोसा ओलांडला आणि आवाज थांबला.

तिथे कोणी नव्हतं. खण उघडा होता. टेबलावर शेवटचं पान जुळवून, दोरा बांधून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी एकच प्रूफ होतं. शाई अजून चमकत होती.

बरोबरची चिन्हं उजव्या काठापर्यंत रेटली गेली होती. काही ओळींत उजवी बाजू कागदाबाहेरच गेली होती. कोऱ्या जागेने पान व्यापलं होतं. ती इतकी जवळ होती की डोकं कागदात मावत नव्हतं. नुसता खांदा होता, उतरता, आणि त्याच्याखाली तो लांब हात. हाताच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या बरंच खाली, आणखी एक डोकं होतं. लहान, पुढे झुकलेलं. त्याच्या पाठीला बाक होता. खणांवर वाकून वाकून आलेला तो बाक मी लहानपणापासून पाहत होते.

लांब हात त्याच्या पाठीमागून गेला होता आणि पुढे येऊन त्याच्या छातीपाशी मिटला होता. तो पदर नव्हता.

मी आबांना हाका मारल्या. मागच्या खोलीत पाहिलं, कागदाच्या गठ्ठ्यांमागे पाहिलं, मोरीत पाहिलं. मग माझ्या हातांना काय वाटलं कोण जाणे, मी परत टेबलाशी आले आणि प्रूफ काढलं. हे खोटं आहे, कागद ओला आहे, पुढचं सरळ येईल, एवढंच डोक्यात होतं. शाई लावली, कागद ठेवला, रूळ फिरवला.

दोन्ही आकृती होत्या. पण आता मोठ्या आकृतीचं डोकं कागदात आलं होतं, आणि धाकटी आकृती लहान झाली होती. दोघं एक पाऊल मागे गेली होती.

माझा हात पुन्हा शाईकडे गेला होता. तो मी तिथेच धरला. आबा म्हणाले होते की प्रत्येक प्रूफ तिला मागे लोटतं. आता ती एकटी नव्हती.

७

आबांना सगळीकडे शोधलं. गावाकडे विंचूरला माणूस पाठवला, पोलिसांत नोंद केली, गोदावरीच्या काठाने वसाहतीतली पोरं खालपर्यंत जाऊन आली. कुठेच काही नाही. लोक मला समजावायला लागले. बायको गेल्यावर माणूस असा निघून जातो म्हणाले.

ते पान मी टेबलावरून हलू दिलं नाही. वर फडकं टाकून ठेवलं. रोज सकाळी फडकं उचलून बघायची. शिशात चिन्हं सरळ उभी असायची आणि डावीकडे कोरे तुकडे गच्च भरलेले असायचे. मी त्यांच्यावर हात ठेवून बसायची. हे पान कुणी छापलं नाही तर आबा आहेत तिथेच राहतील, माझ्यापासून दोन पावलांवर, असं मला वाटत होतं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांना तिथून काढायची काही रीत मी शिकले नव्हते.

खंडेरावांनी खूप वाट पाहिली. मग एकदा जवळ येऊन बसले.

"बाई, कॉलेजं सुरू होतील. सगळं पुस्तक छापून पडलंय, या एका पानासाठी बांधणी अडलीये."

"हे पान नका छापू. मी दुसरं जुळवून देते."

"कशानं जुळवणार? बरोबरचे सगळे खिळे यातच आहेत." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "आबांच्या हातचं शेवटचं पान आहे हे. ते छापू या. मला बरं वाटेल. तुम्हालाही वाटेल."

"नका छापू मालक. मी हात जोडते."

माझ्याकडे पाहून ते उठले, पानावरचं फडकं नीट केलं आणि गेले. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत बोलावलं होतं. नदीकाठी सापडलेली एक टोपी ओळखायची होती. ती आबांची नव्हती. तिथून छापखान्याच्या गल्लीत वळले तेव्हा मशीनचा आवाज येत होता.

मी धावत आत गेले. टेबलावर फडकं घडी करून ठेवलेलं होतं. गोटीराम मशीनपाशी उभा होता आणि कागद एकावर एक पडत होते.

"बंद कर," मी म्हणाले. मशीनच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडले. त्याने घाबरून मशीन थांबवलं.

"मालक बोलले, बाईंना बघवनार नाय, त्या यायच्या आत उरकून घे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. "आबांचं पान, बाई. म्या सोताच्या हातानं लावलं. सुरवातीचे कागद जरा वाकडे आले. मंग बसलं नीट."

"सुरुवातीचे कुठे आहेत?"

त्याने खालून गठ्ठा काढून दिला. ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने होते. मी खाली फरशीवर बसले आणि एकेक कागद मांडत गेले.

पहिल्या कागदावर दोघं मी पाहिली होती त्याहून थोडी मागे होती. पुढच्यावर आणखी मागे. मोठी आकृती, तिच्या कवेत धाकटी, दोन्ही लहान होत चाललेली. मी मांडत गेले. मान कललेली, पाठीला बाक, तो हात तसाच मिटलेला. मग ती इतकी लहान झाली की हात वेगळा दिसेना. चिन्हं एकेक करून रेघेत परत येत होती. गोटीराम माझ्या मागे उभा राहून बघत होता. त्याला वाकडेपणाखेरीज काही दिसत नसावं.

गठ्ठ्यात शेवटी शेवटी एक कागद आला. मोठी आकृती त्यावर जवळपास मिटली होती, दोन-तीन चिन्हांत तिचं डोकं तेवढं उरलं होतं. पण तिच्याखालची, बाक असलेली आकृती आदल्या कागदाहून मोठी होती. बरीच मोठी. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, पट्टी लावून पाहिली. ती त्या हातातून सुटली होती. ती आमच्याकडे परत निघाली होती, आणि इतक्या घाईत निघाली होती की तिच्यासमोरचं चिन्ह वाकडं होऊन शेजारच्या आकड्यावर चढलं होतं.

पण मशीन तेव्हा थांबलं नव्हतं. मी पुढचा कागद उचलला. तो सरळ होता. वरपासून खालपर्यंत एकही चिन्ह हललेलं नव्हतं. त्याच्यानंतरचे सगळे कागदही तसेच होते.